काट्यावरच्या पिशव्या

"पिशवी काट्यावर ठेव."

वेल्डर हसला. मग मापाड्याचं तोंड बघून हसायचा थांबला. अठ्ठावीस वर्षं दोघं एका बाकावर डबा खात होते, आणि या गोदीत कारागिराची हत्यारांची पिशवी आजवर कुणी तोलली नव्हती. बोल्ट तोलायचा, वायर तोलायची, रंगाचा डबा भरलेला आणि रिकामा, दोन्ही तोलायचा. पिशवी म्हणजे माणसाची अब्रू. तिला हात लावायचा नाही.

"मी चोर वाटलो का रे तुला?"

"चोर माल बाहेर नेतो. तू आत नेतोयस."

मापाड्याला झोप नव्हती. त्यांची ही छोटी लढाऊ बोट किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यासाठी होती. मोठ्या जहाजाच्या अंगावर जायचं, मारा करायचा आणि त्याची तोफ वळायच्या आत पसार व्हायचं. त्यासाठी चाळीस नॉटचा वेग हवा होता. काल दुसऱ्या चाचणीत ती साडेअडतीसवर अडली. उद्या तिसरी आणि शेवटची. जमलं तर आणखी बारा बोटी याच गोदीत बांधायच्या. नाही जमलं तर गोदीला टाळं. इंजिनवाले बोटीच्या पाण्यातल्या पंख्याला शिव्या घालत होते, पंखेवाले इंजिनाला. मापाडी मात्र धक्क्यावर ओणवा होऊन बघून आला होता. बोट आखलेल्या रेषेपेक्षा अंगठाभर खाली बसत होती. वहीतली बेरीज चोख, आणि पाणी खोटं बोलत नाही. म्हणजे न तोललेलं काहीतरी आत जात होतं. न तोलता आत जाणारी एकच गोष्ट होती, कारागिरांच्या पिशव्या.

काटा तेवीस किलोवर थांबला.

"हातोडीला बाळसं धरलंय वाटतं," मापाडी म्हणाला आणि पिशवीत हात घातला. तळाशी फडक्यात गुंडाळलेला पोलादी पत्रा निघाला. वहीएवढा. कोपरे कानशीने घासून गोल केलेले.

मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. रंगाऱ्याला अचानक काहीतरी विसरल्याचं आठवलं. वायरमन बुटाची नाडी बांधायला खाली वाकला, तो वर येईना.

"कुणी हलायचं नाही," मापाडी म्हणाला आणि वेल्डरला घेऊन बोटीवर गेला.

सुकाणूच्या खुर्चीमागचं अस्तर वेल्डरने स्वतःच उघडलं. आत पत्र्याला पत्रा जोडून फरशी बसवावी तसं काम केलेलं. त्या खुर्चीत मापाड्याची लेक बसायची. बोटीची चालक तीच.

"तू तर पोरीसाठी एक खिळासुद्धा जास्त ठेवणार नाहीस," वेल्डर म्हणाला. "म्हणून मी ठेवलं. हा शेवटचाच होता."

मापाड्याने पत्र्यावरून हात फिरवला. एवढं राहू द्यावं, बाकीच्यांचं काढावं. कोण विचारणार होतं? वही त्याचीच होती. तो काही बोलायच्या आत लेक शिडीवरून खाली उतरली. तिने अस्तर बघितलं, दोघांची तोंडं बघितली.

"काका, गोळी लागली तर हे मला वाचवेल. पण गोळीने गाठूच नये म्हणून तर ही बोट बांधलीत ना तुम्ही?"

वेल्डरने मान खाली घातली.

"मग काढा ते. माझ्या पाठीशी इंजिनं पुरे आहेत."

मापाड्याने खिशातून पेन्सिल काढली आणि कानामागे खोचली. "काप," तो म्हणाला.

मग संध्याकाळपर्यंत नुसती मिरवणूक चालली. वायरमनने 'असावी आपली' म्हणून भिंतीत लपवलेली वायरची वेटोळी ओढून काढली. सुताराने खलाशी पोरांच्या पाठीला रुतू नये म्हणून पिशवीतून पट्ट्या आणून निजायच्या फळ्या दुप्पट जाड केल्या होत्या. पंपवाल्याचा सुटा सुटा आणून जोडलेला तिसरा पंप निघाला. रंगारी पिशवीतून आणलेल्या रंगाचे आपलेच दोन जास्तीचे थर खरवडत बसला, खारं पाणी लोखंड खातं म्हणून पुटपुटत. ढीग भरला चौदाशे ऐंशी किलो. अख्खी गोदी चोर निघाली, आणि एकाच्याही घरी काही गेलेलं नव्हतं.

मापाडी सगळ्यांत शेवटी बोटीवरून उतरला. रिकाम्या हातांनी.

सकाळी सगळे धक्क्यावर जमले. वायरलेस खरखरत होता. "एकोणचाळीस." मग पुन्हा खरखर. मग लेकीचा आवाज आला, "चाळीस. चाळीस पॉइंट तीन!" रंगाऱ्याने सुताराला मिठी मारली, एरवी त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. वेल्डरने डोळे पुसले आणि समोर आग-धूर काही नसताना धुराला दोष दिला.

मापाडी आपल्या काट्याजवळ येऊन बसला. काटा खरा आहे की नाही हे पडताळायची पितळी वजनं तो रोज पेटीतून काढी. पाच किलोचं होतं, दोनचं होतं. एक किलोचा खळगा वर्षभर रिकामा होता. ते वजन हातातून निसटून पाण्यात पडलं, असं त्यानेच सगळ्यांना सांगितलं होतं.

लेक आली. ओली, हसरी. तिने कापडाचं एक पुडकं काढलं, फडकं आणि आतली तार सोडली आणि उरलं ते काट्यावर ठेवलं. आकडा बरोबर एक किलोवर स्थिरावला. पितळ लख्ख होतं. सोडलेली तार बाजूला पडली होती.

वेल्डरने वजनाकडे बघितलं. मग मापाड्याकडे. "काय रे मापाड्या, हे पोहून आलं का?"

मापाड्याचे कान लाल झाले. त्याने वही उघडली, बंद केली.

"माझ्या खुर्चीखाली बांधलेलं होतं, बाबा. मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. तुम्हाला येता येत नाही, तर तुमचं वजन तरी माझ्यासोबत, म्हणून ना?"

"मग काल सगळ्यांचं काढलं, तेव्हा हे का नाही काढलंस?" मापाडी कसाबसा म्हणाला. "एका किलोनेही फरक पडतो."

लेकीने वजन उचललं आणि पुन्हा फडक्यात गुंडाळून आपल्या खिशात टाकलं.

"लिहा वहीत. चाळीस गाठले, ते हे धरून."