गुलाबी टोकन

कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी.

अकरावा मजला.

बामचा वास.

सत्तेचाळीस.

पद्माकरांनी टोकन मुठीत इतकं आवळलं होतं की ते घामाने मऊ पडलं. सिंगापूरच्या पासिर रिस भागातल्या त्या दवाखान्यात बाक एकच, दारं दोन. डावं गुडघ्यांचं, त्याचं टोकन पांढरं. उजवं मनाचं, त्याचं गुलाबी. "बाबा, फक्त बोलायचंय हो," म्हणत सून त्यांना सोडून ऑफिसला गेली होती. फक्त! एकदा नाव कॉम्प्युटरात गेलं की मुलाच्या, रुचिरच्या, इथे कायम राहण्याच्या पीआरच्या अर्जाला जाऊन चिकटणार. वेड्याचा मुलगा म्हणतील.

आणि शेजारी आधीच बसलेली कोण, तर त्यांच्याच ब्लॉकमधली ओंग आंटी. आता संध्याकाळपर्यंत सगळ्या अकरा मजल्यांना कळणार.

"अंकल, लेग पेन?"

"लेग," पद्माकर घाईने म्हणाले. "व्हेरी मच."

"माय वन ऑल्सो लेग, लाह. चायनाहून आले तेव्हापासून." तिने डबी उघडली आणि पँटवरूनच गुडघ्याला बाम चोळायला सुरुवात केली.

उजव्या दारावर सेहेचाळीसचा आकडा लागला. कोणी उठलं नाही. पुन्हा लागला. आंटी चोळतच राहिली, खाली मान घालून, जोरजोरात. मांडीवरच्या डबीखालून गुलाबी कोपरा डोकावत होता.

सेहेचाळीस गेला. सत्तेचाळीस लागला.

लिफ्ट दहा पावलांवर होती. सरळ घरी जावं. पण घरी या वेळी कोणी नव्हतं. अकराव्या मजल्यावरचं स्वयंपाकघर होतं, त्याला खिडकी होती.

त्यांनी आंटीसमोर मूठ उघडली.

तिने तो चुरगळलेला गुलाबी कागद पाहिला. मग डबीचं झाकण लावलं, उठली आणि त्यांचं कोपर धरलं.

"वन टोकन, वन पर्सन, आंटी," दारातली नर्स म्हणाली.

"सेम लेग," आंटी म्हणाली. कोपर तिने सोडलं नाही.

सकाळी, चहाच्याही आधी, पद्माकरांनी स्वयंपाकघराची खिडकी दोरीने करकचून बांधली होती आणि घरातली एकुलती एक कात्री सुनेच्या पर्समध्ये टाकली होती.