पोचल्याचं कळवा

लेकीला समुद्राच्या गाळात एक जिवाणू सापडला, आजवर कुणालाच ठाऊक नसलेला. पण नवी जात म्हणून त्याला मान्यता हवी, तर जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा व्हायला हवा, असा नियम. आपल्या देशातलं काम झालं. नमुन्याची दुसरी नळी तिने दुपट्यात बाळ गुंडाळावं तशी गुंडाळून सातासमुद्रापार धाडली. वाटेत नमुना मेला, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हापासून रोज सकाळी हिचा चहा निवतो आणि ही फोनवर. "पेटी आली का? बर्फ वितळला नाही ना? नळी उभीच ठेवा हं." शेवटी पलीकडची बाई म्हणाली, "मॅडम, पोचली की आम्हीच कळवू."

मी पदराआड हसले. ही शिकायला परगावी होती, तेव्हा मी रोज वसतिगृहावर फोन करून विचारायचे, "नीट जेवतेस ना?" एकदा वैतागून म्हणाली, "आई, किती ते फोन! मैत्रिणी हसतात मला. मी काय कुकुलं बाळ आहे?"

काल उत्तर आलं. नमुना सुखरूप पोचला, जिवंत आहे, छान वाढतोय. तिने मला दोनदा वाचून दाखवलं आणि कपाळाला आठी घालून तिसऱ्यांदा वाचू लागली.

"झालं ना मनासारखं? मग आता तोंड का उतरलंय?" मी विचारलं.



"वाढतोय म्हणतात गं, पण नीट खातोय का, ते काही लिहिलं नाही."