लिंबू चिरडल्यावर

चाकांखालची चारही लिंबं चिरडली गेली आणि नेमक्या त्याच क्षणी ती पोरगी गाडीसमोर येऊन उभी राहिली.

दिनानाथने ब्रेक दाबला. सांवेर रोडच्या त्या गोदामाच्या आवारात त्याच्या ट्रेलरला आडवं यायची हिंमत एकतीस वर्षांत गाईनेही केली नव्हती. आणि ही सुरभी! सेफ्टी ऑफिसर म्हणून लागून जेमतेम नऊ दिवस झालेले, हातात फाइल, डोक्यावर कानांपर्यंत उतरलेलं पिवळं हेल्मेट. उभी तरी कुठे राहावी? गाडीच्या नाकाशी नाही. वीस पावलं लांब, बरोब्बर तिथे, जिथून एवढ्या उंच केबिनमधल्या ड्रायव्हरला समोरचं माणूस डोक्यापासून पायांपर्यंत दिसतं.

"दिसते ना मी, दिनानाथजी?"

"दिसतेस. तोच तर ताप आहे."

मागे रांगेत थांबलेल्या ड्रायव्हरांत हशा पिकला.

तिचं म्हणणं असं, की पुढचा घोडा, म्हणजे केबिन-इंजिनाचा भाग, आणि त्यावर टेकलेला ट्रेलर यांच्यामध्ये बोटभर फट दिसते आहे. ट्रेलरची पिन घोड्याच्या जबड्यात पुरती बसलेली नाही. घोडा मागे दाबावा, पिन पुन्हा नीट अडकवावी, मगच गेट पास मिळेल. अठ्ठावीस टन तेलाचे डबे घेऊन पुढे घाट उतरायचा आहे, हेही तिने ऐकवलं, जसं काही दिनानाथने घाट फक्त कॅलेंडरवर पाहिला होता.

पण मागे? पूजा झाली, नारळ फुटला, लिंबू चिरडलं, की गाडी फक्त पुढे जाते. लिंबावरून मागे आलेल्या गाड्यांचं पुढे काय झालं, याचे किस्से या आवारात प्रत्येकाला पाठ होते.

दिनानाथने तिला हे एकदा सांगितलं, तेही खिडकीतून मान बाहेर काढून, मागच्यांना ऐकू जाईल अशा बेताने. वर हेही सांगितलं, की पिन बसली की नाही ते त्याला बुडाखाली कळतं, त्याला कॉलेज लागत नाही. हेल्मेटबद्दलही दोन शब्द बोलला. ती ऐकत राहिली. हलली मात्र नाही.

शेवटी मॅनेजर धनेश ऑफिसातून बाहेर आला, कानाला फोन लावूनच. माल मागवणारी पार्टी तिकडे बोंबलत होती. त्याने सुरभीला बाजूला घेतल्यासारखं केलं, पण आवाज काही बाजूला घेतला नाही. गाडी आत्ता सोडा, नाहीतर उद्यापासून यायची तकलीफ घेऊ नका.

सुरभीच्या नाकाचा शेंडा पांढरा पडला.

"सोडते, सर," ती म्हणाली. "पिन न तपासता सोडायची, एवढं तुमच्या सहीने लिहून द्या."

तिने फाइल पुढे केली. धनेशला अचानक फोनवर काहीतरी फार महत्त्वाचं ऐकू आलं.

आता रांगेतले सगळे दिनानाथकडे बघत होते. त्याचं डोकं फिरलं. मागे तर मी घेणार नाही, तो ओरडला, पुढे ओढून दाखवतो. लावतो ट्रेलरचे ब्रेक. पिन सुटली तर बोला, नाहीतर ही मॅडम आजच घरी.

"चालेल," ती म्हणाली. फारच पटकन म्हणाली. "आधी ट्रेलरचे पाय खाली करा."

"धुऊन पण देऊ का पाय?"

पुन्हा हशा. दिनानाथ स्वतः उतरला, थुंकला आणि हँडल गरागरा फिरवून ट्रेलरचे दोन्ही लोखंडी पाय जमिनीला टेकवले. वर चढला. ट्रेलरचे ब्रेक लावले, पहिला गिअर टाकला, अलगद क्लच सोडला.

पिन धरलेली असली की पाठीत एक झटका बसतो. तो त्याला झोपेतही ओळखता आला असता.

तो आलाच नाही.

घोडा रिकाम्या स्कूटरसारखा पुढे सरकला. मागे लोखंडावर लोखंड किरकिरलं, धप्प असा आवाज झाला, ब्रेकच्या हवेचे पाइप ताणून सुटले आणि फुसफुसायला लागले. दिनानाथने आरशात पाहिलं. ट्रेलर होता तिथेच आपल्या दोन पायांवर उभा होता. मधून एखादी वरात सहज गेली असती.

कोणी हसलं नाही.

त्याने इंजिन बंद केलं. घाटातल्या उतरत्या वळणावर एक बाई उसाच्या रसाची गाडी लावते. तिची मुलगी तिथेच खाटेवर अभ्यास करत बसलेली असते. का कोण जाणे, त्याला ती खाटच दिसत राहिली.

खाली उतरला तेव्हा धनेश ऑफिसात पोचला होता. सुरभी फाइल मांडीवर घेऊन एका खोक्यावर बसली होती आणि भराभरा लिहीत होती. दिनानाथ तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"काय लिहिते आहेस माझ्याबद्दल?"

तिने फाइल त्याच्याकडे फिरवली. पिन सुटी आढळली. ओढून तपासणी करणारे: चालक दिनानाथ मुळे.

त्याने ती ओळ दोनदा वाचली. टोमणा सापडेना, म्हणून तिच्या तोंडाकडे पाहिलं. तिथेही नव्हता. हेल्मेटच्या पट्ट्याखाली हनुवटी तेवढी घट्ट आवळलेली होती.

"आणि तुझं नाव?"

"मी नुसतं बघितलं. ओढलं तुम्ही." तिने पेन पुढे धरलं. "सही करा."

गेल्या नऊ दिवसांत त्याने तिला चांगली नऊ नावं ठेवली होती. त्याने पेन घेतलं.

सही केली आणि चिरडलेल्या लिंबांवरून घोडा मागे घ्यायला तो केबिनकडे वळला.