ओलं गवत

तपासनीस आत्मारामांनी कोपरापर्यंत हात राखेत घातला आणि ढिगाच्या पोटातून एक गासडी ओढून काढली. पालघरच्या झुंबरशेठची गवताची वखार जळून गेली होती. एक भिंत आणि वाकडेतिकडे पत्रे तेवढे उरले होते. पत्र्यांशेजारी राखणदार गोमा उभा होता, ओठ सुजलेला, हाताला दोर. दोराचं टोक हवालदाराकडे.

राखणदाराच्या बिडीनं आग लागली, असं शेठनं त्याच दिवशी सांगून टाकलं होतं. हवालदारानंही लगेच मान डोलावली होती. गोमानं मार खाल्ला, पण कबूल केलं नाही. त्याची बायको तानी मासवणकडच्या पाड्यावरून येऊन चौकीबाहेर बसून राहायची. आज ती पाड्यावरच्या बायकांत उभी होती आणि विमा कंपनीच्या या चष्मेवाल्या माणसाकडे डोळ्यांत प्राण आणून बघत होती.

आत्मारामांनी विळा मागितला. गासडी मधोमध कापली. बाहेरून ती पिवळीच होती, जराशी धुरकटलेली. आतून मात्र काळीठिक्कर. बोटांनी दाबताच तिचा भुगा झाला.

"शेठ, बिडीनं गवत बाहेरून पेटतं," ते म्हणाले. "हे आतून पेटलंय. ओलं गवत रचून ठेवलं की आतल्या आत तापत जातं. बरेच दिवस धुमसतं आणि मग एकदम भडकतं. या माणसाचा यात काही हात नाही."

हवालदारानं चरफडत दोर ढिला केला. तानीच्या जिवात जीव आला. आणि लगेच तिनं नजर खाली वळवली. गवत ओलं कुणी केलं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

पाड्यावरच्या बायका गवताचे भारे वखारीत वजनावर विकायच्या आणि तिथं त्याच्या गासड्या बांधल्या जायच्या. शेठचा काटा लबाड. सगळ्यांना माहीत, पण बोलणार कोण? मग बायकांनीही आपली तोड काढली होती. ओढ्यावर भारा सोडायचा, मधल्या पेंढ्यांवर पाणी शिंपडायचं, वरून कोरडं गवत लावून आवळून बांधायचा. दिसायला भारा खडखडीत, काट्यावर भरभक्कम. तानीच्या सासूनं हेच केलं, तानीही तेच करत आली. पाण्यानं आग लागते असं कुणी सांगितलं असतं, तर अख्खा पाडा पोट धरून हसला असता.

शेठचा चेहरा उतरला होता. गवत आपोआप पेटलं तर कंपनी एक छदाम देत नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. तो बायकांवर उखडला.

"तुम्ही भिजवलंत? तसं असेल तर उद्यापासून एकीलाही दारात उभी करणार नाही. बाकीच्या वखारीही माझ्याच भावांच्या आहेत. बघतो पाडा काय खातो ते!"

ही पोकळ धमकी नव्हती. तिकडे तारापूरला वीजकेंद्राचं मोठं काम निघालं होतं, पण भरती केव्हाच संपली असं मुकादम सांगत. गवत सोडलं तर या बायकांना दुसरं काही नव्हतं.

"घाबरू नका," आत्माराम म्हणाले. "गवत ओलं होतं, एवढं कुणीतरी सांगा. नुसत्या माझ्या अंदाजावर हवालदार याला सोडायचे नाहीत. तुमच्या एका शब्दावर हा घरी जाईल."

बायकांतल्या पारूनं पदर तोंडात धरला. ठमी तानीकडे बघेचना. बोलावं तर पाड्यावरची चूल विझते, न बोलावं तर आपला माणूस तुरुंगात जातो. तानीला शेठचा राग आला, या मुक्या उभ्या बायकांचा आला, आणि उगीचच त्या ओढ्याचाही आला. शेवटी ती पुढे झाली. नाव घ्यायचं ते फक्त स्वतःचं, बाकी कुणाचं नाही, असं तिनं ठरवलं.

"सायेब," ती म्हणाली, "ता गवत मी..."

"तिला काय म्हाईत!" गोमा मधेच ओरडला. तो तानीकडे बघतच नव्हता. तिच्यामागच्या बायकांकडे बघत होता. "बिडी माजीच होती, सायेब. मीच टाकली."

आत्माराम गासडी हातात धरून बघतच राहिले. "अरे वेड्या, एवढा मार खाऊन नाही म्हणालास. आणि आता, सुटायच्या वेळी?"

"सुटून जाऊ कुठं, सायेब?" गोमा म्हणाला, आणि त्यानं दोन्ही हात आपणच हवालदारापुढे धरले.