आधी काय, मग काय

"जे आधी घडलं, त्याच्या गळ्यात 'हॅड' बांधायचं. जे मग घडलं, त्याला मोकळं सोडायचं," दीपाली म्हणाली आणि तिनं फळ्यावर इंग्रजीत दोन वाक्यं लिहिली. माझं बारसं झालं. भूकंप आला.

ओट्यावर बसलेली दहावीची अकरा पोरं गालातल्या गालात हसली. माकणी गावात दीपालीबाईंची शिकवणी लावली आणि हे उदाहरण ऐकलं नाही, असं पोर शोधून सापडलं नसतं. पास्ट परफेक्ट आणि सिंपल पास्ट यांतला घोळ साऱ्या तालुक्याचा, पण तिची पोरं तिथं चुकत नसत.

तिचाही या उदाहरणावर भारी जीव. त्र्याण्णव साली भूकंप आला तेव्हा ती पंधरा दिवसांची होती. घर पडलं आणि तिच्या आईनं, द्वारकाबाईनं, नखं फुटेपर्यंत ढिगारा उकरून तिला बाहेर काढलं. दर वाढदिवसाला आई तिला दोनदा ओवाळायची. एक जन्माचं, एक वाचल्याचं, असं दीपालीनं आपलं मनाशी धरून ठेवलं होतं. ती आई गेल्या महिन्यात गेली. काल तिचं मासिक श्राद्ध घातलं आणि आज दीपाली पहिल्यांदाच फळ्यापुढं उभी होती. शिकवायला हवं होतं. सोमवारी पोरांची चाचणी होती.

मग नेहमीचा खेळ. भिंतीला टेकून शेंगा फोडत बसलेल्या वडिलांकडं वळून तिनं विचारलं, "आबा, आधी काय झालं?"

कोंडीरामआबांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण हे उत्तर पाठ होतं. "आधी बारसं, मग भूकंप," असं ते दरवर्षी ठणकावून सांगायचे आणि पोरं टाळ्या पिटायची. आज पोरांचे हात वर झाले ते तसेच राहिले. आबांनी हातातली शेंग न फोडताच सुपात टाकली.

"पोरांना घरी जाऊ दे," ते म्हणाले.

पोरं गेली. आबांनी पुढ्यातलं सूप बाजूला सारलं.

"तुझी आई हाय तवर बोलायचं न्हाय, अशी तिची आण होती. आता मला ते खोटं बोलवंना. तुझं बारसं झालंच न्हाय, बाई."

दीपालीला हसूच आलं. "आणि आत्यानं कानात नाव सांगितलं ते?"

"ते आमच्या पोरीच्या कानात. ती पाळण्यातच गेली. तुझी आई तिच्यासाठी उकरत होती, तवा शेजारच्या ढिगाऱ्यातनं रडणं ऐकू आलं. त्या घरात दुसरं कुणी उरलं न्हवतं. तिनं तुला पदरात घेतलं आन् त्याच नावानं हाक मारली. कुणी बोलू नये म्हणून ते गाव सोडून आमी हिकडं आलो."

दीपाली फळ्याकडं वळली. फळ्यावरची दोन्ही वाक्यं तिच्याच अक्षरात होती आणि त्यांतलं एक तिचं नव्हतं. आईची फुटलेली नखं डोळ्यांपुढून हलेनात.

"आईनं एकदाही कसं सांगितलं नाही?" तिनं विचारलं.

"सांगायची की, दरसाल," आबा म्हणाले. "तुला दोनदा ओवाळायची न्हवं? पहिलं त्या पोरीचं असायचं."