सातव्याला वगळ

प्रयोगशाळेतल्या सातव्या कप्प्यात दादा बसला होता.

काचेतून तिला फक्त पाठ दिसत होती. पण डावा खांदा किंचित उतरलेला, म्हणजे तोच. आई गेल्यापासून दोघं बोलले नव्हते. ऑपरेशनच्या कागदावर त्याने न वाचता सही ठोकली, असं ती भरल्या घरात म्हणाली होती. त्याने उत्तर दिलं नाही. तेव्हा जो अबोला पडला, तो पडलाच.

इथे तो चुकून आला असणार. जाहिरातीत फक्त जागा आणि वेळ होती. तिचं नाव पडद्यावरच्या पहिल्या पानावर होतं, तेही तळाला, बारीक अक्षरांत. आणि दादाने जन्मात कधी सूचना वाचल्या नव्हत्या. त्याने घरी जोडलेल्या कपाटाचं दार अजूनही भिंतीकडेच उघडत असेल.

खेळ विश्वासाचा होता. प्रत्येकाला काही गुण मिळत. त्यातले हवे तेवढे पलीकडच्या अनोळखी जोडीदाराला द्यायचे. दिलेले तिप्पट होत. त्यातलं काही परत करायचं की नाही, ते जोडीदाराने ठरवायचं. सातव्याने किती दिले, हे एका क्लिकवर कळलं असतं. दादा अजून कोणावर विश्वास टाकतो का, एवढंच तिला हवं होतं. बाकी काही नाही.

पण नियम तिनेच लिहिले होते. प्रयोगाआधी ते जाहीर नोंदवले होते, कोणीही वाचावेत आणि नंतर तिलाही बदलता येऊ नयेत असे. त्यातला एक हा: संशोधकाचा नातलग निघाला तर त्याला खेळू द्यावं, नाहीतर त्याचा जोडीदार अडकून पडतो, पण त्याची उत्तरं न पाहता वगळावीत.

सहायिका तेव्हा हसली होती. "मॅडम, तुमचं कोण येतंय इथे?"

"असू दे," ती म्हणाली होती. तो नियम लिहिताना डोळ्यांसमोर कोण होतं, ते तिने सांगितलं नव्हतं.

आता आडनावं वेगळी होती. गप्प बसली असती तर कोणाला पत्ताही लागला नसता. तिचं बोट माउसवर होतं. तिने हात ओढून मांडीवर घेतला.

"सातव्याला वगळ," ती शेजारच्या सहायिकेला म्हणाली.

"काय केलं बिचाऱ्याने? कारण लिहावं लागेल, सगळ्यांना दिसेल असं."

"माझा दादा आहे."

सहायिकेने मान वळवली. "मला वाटायचं, तुम्ही एकुलत्या एक."

सहायिका की-बोर्डकडे वळली आणि थबकली.

"मॅडम, यांना तर संगणकाने आधीच वगळलंय. खेळ सुरू व्हायच्याही आधी."

"कसं काय?"

"पहिल्या पानावर विचारतो ना आपण, संशोधकांपैकी कोणी ओळखीचं आहे का? सगळे 'नाही' दाबून पुढे सटकतात. यांनी 'हो' केलंय. नात्यापुढे लिहिलंय, धाकटी बहीण." ती पडद्याजवळ वाकली. "आणि त्या पानावर सगळ्यांत जास्त वेळ यांनीच घेतलाय. शब्दन् शब्द वाचलेला दिसतोय."