तीन स्क्रूचं रिव्हॉल्व्हर

बंदुकांच्या बाजारात ऑर्व्हल प्रुइटने आपल्या टेबलावरचं फडकं चौथ्यांदा सारखं केलं. फडक्यावर एकच रिव्हॉल्व्हर होतं, आणि त्याच्यापुढे उभी असलेली बाई काही केल्या हलत नव्हती.

तिच्या छातीवर बिल्ला होता: 'करपलं बिस्किट'. काउबॉय नेमबाजीत सगळेच असली नावं घेतात. खरं नाव शेल्बी, हे तिने आल्या आल्या सांगून टाकलं होतं. उद्या सकाळी एनिड गावात तिची पहिली स्पर्धा. कमरेला दोन रिव्हॉल्व्हर लागतात, तिच्याकडे एकच होतं. दुसरं आज मिळायलाच हवं होतं.

घाई असली तरी बाई जाणती होती. तिने घोडा सावकाश मागे ओढला आणि कान लावून टिकटिक ऐकली. गोळ्यांचं चक्र हलतंय का ते पाहिलं, नळीत बॅटरी मारली. मग रिव्हॉल्व्हर कुशीवर वळवलं आणि तिचा चेहरा फुलला.

"तीन स्क्रू! म्हणजे जुनं मॉडेल. आत कुणी हात नाही ना घातला?"

"नाही," ऑर्व्हल म्हणाला.

"कारखान्याने दुरुस्त केलेलं नाही?"

"नाही म्हटलं ना."

"अहो काका, चिडता काय! असं अस्सल हल्ली मिळतं कुठे?"

ते मात्र खरं होतं. या जुन्या मॉडेलचा घोडा सरळ गोळीवर टेकतो. जोराचा धक्का बसला की गोळी सुटते. म्हणून सहा घरं असली तरी पाचच भरायची आणि घोडा रिकाम्या घरावर ठेवायचा. कारखाना ही खोड फुकटात काढून देतो. पण हौशी मंडळींचं डोकंच वेगळं! दुरुस्त केलेलं रिव्हॉल्व्हर त्यांना उष्टं वाटतं, आणि त्याचा भाव पडतो.

शेल्बीचा अंगठा घोड्याच्या टोकावर थांबला.

"हा ठोका कसला?"

"पडलं होतं. ट्रकच्या फळीवरून, दगडावर."

"मग शंभर डॉलर कमी करा. मी करपलेली असेन, पण कच्ची नाही."

शेजारचा टेबलवाला खो खो हसला. ऑर्व्हल हसला नाही. त्याला ते रिव्हॉल्व्हर घरातून जायला हवं होतं, बस. दोन वर्षं ते कपाटात होतं आणि दोन वर्षं तो त्या खोलीत झोपला नव्हता.

"शंभर कमी. ने," तो घाईघाईने म्हणाला.

तिने पर्स उघडली. त्याने फडकं पुन्हा ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. आता गप्प बसलं की सुटलो, हे त्याला पक्कं माहीत होतं.

"पोरी, थांब जरा. घेतलंस की आधी कारखान्याकडे पाठव. फुकट करून देतात."

"वेड लागलंय का काका? निम्मी किंमत जाईल की!"

ऑर्व्हलचे हात जागच्या जागी थांबले. हेच वाक्य तो एकदा बोलला होता. शब्दन् शब्द हेच, धाकट्या भावाला, सकाळच्या कॉफीवर.

"आणि मी पाचच भरणार," शेल्बी म्हणाली. "सगळ्यांना माहीत असतं ते."

"ड्यूईलाही माहीत होतं."

"कोण ड्यूई?"

"माझा भाऊ. त्याचं रिव्हॉल्व्हर हे. स्पर्धेत त्याने जन्मात कधी सहावी भरली नाही. पण घरी, कुंपणाकडे जाताना भरायचा. सापासाठी. ट्रकपाशी पट्टा सोडताना ते निसटलं. मी फाटकाशी होतो. धावत पोचेपर्यंत संपलं होतं सगळं."

शेल्बीचा अंगठा अजून त्या ठोक्यावरच होता. तिने तो उचलला आणि रिव्हॉल्व्हर हळूच फडक्यावर ठेवलं. शेजारच्या टेबलवाल्याने उगाच आपले पट्टे मोजायला घेतले.

ऑर्व्हलने शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं. वागवून वागवून ते मऊ पडलं होतं.

"आत दुरुस्तीचं पत्र आहे, त्यावर तुझं नाव घाल. हे आधी टपालपेटीत पडू दे, मग रिव्हॉल्व्हर ने. पैसे देऊ नकोस."

शेल्बीने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. पुढे कारखान्याचा पत्ता होता, मागे ड्यूई प्रुइटचं नाव.

"काका, याला तर तिकीटसुद्धा लावलंय."

"हो," ऑर्व्हल म्हणाला. "पेटीत टाकायला त्याने माझ्याकडेच दिलं होतं."